सुईणीचे डोळे

कॉलेजातले किस्से जमवावे लागत नाहीत, फक्त कान उघडे ठेवावे लागतात. यंदा आमच्या पेणच्या कॉलेजात आपल्या भागातल्या कष्टकरी बायकांच्या इतिहासावर चित्र-शिल्प प्रदर्शन भरवलं, आणि पंधरा दिवसांत माझा वर्षभराचा कोटा पुरा झाला!

*

मी मुलांना सांगितलं, आजीचा काम करतानाचा फोटो आणा. सगळे लग्नाचे ग्रुप फोटो घेऊन आले. रोह्याच्या एका पोराच्या फोटोत तर आजीचं नुसतं कोपर! मी म्हटलं, आजीलाच विचार. आजी म्हणाली, "कोपर माझंच हाय. त्या लग्नाचा भात कोणी शिजवला, तेबी लिव."

पोरानं भिंतभर कोपर रंगवलं. प्रदर्शनात सगळ्यात जास्त सेल्फी तिथेच निघाले.

*

मिठागरातल्या बायकांचं चित्र बघून प्रिन्सिपल सर हळहळले. एकीच्या तरी चेहऱ्यावर हसू हवं होतं म्हणे. चित्र काढणारी पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, डोक्यावर मिठाची पाटी हाय."

सर पुढच्या चित्राकडे गेले.

*

प्रणालीनं मातीची सुईण केली. तिच्या घरी गणपतीचा कारखाना. सुईणीचा उजवा हात आपसूक आशीर्वादाला वर गेला! दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी तिला जास्वंद वाहिलेलं. हात खाली घेतला, रंग झाला, पण डोळे कोरेच.

विचारलं तर रडायलाच लागली. घरी रंगकाम सगळं तिचं, पण डोळ्यांची आखणी फक्त बाबांची. बाईच्या हाताला ती द्यायचीच नाही, असा आजोबांपासूनचा दंडक. आणि हिला लहानपणापासून तेवढंच करायचं होतं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "इथे कारखाना नाही, कॉलेज आहे. घे ब्रश."

तिनं श्वास रोखून डोळे काढले. सुईण बघायला लागली, खरंच सांगते, माझ्या अंगावर काटा आला.

उद्घाटनाला नेमके बाबा हजर. सुईणीपुढे उभे राहिले ते हलेचनात. प्रणाली माझ्या पाठीमागे लपलेली. मी भांडायच्या तयारीत, पदर खोचून.

"आखणी कोणाची?"

"माझी," प्रणाली कशीबशी म्हणाली.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"उजवा डोळा केसभर वर गेलाय." मग दाराकडे वळत म्हणाले, "घरी चाळीस मूर्ती डोळ्यांवाचून बसल्यात. चल गो."