यादीचा उरलेला भाग

सांगायला बसलोय खरा, पण जीभ जड झालीय. बायकोला हे ठाऊक नाही, भावाला नाही. देवापुढं हात जोडतानाही मी एवढं सोडून बाकीचं सांगतो. तुम्ही ऐका, बस्स.

मी पाटोद्यात घरी बसून एका कंपनीचं काम करतो. लोकांचे सर्व्हर सांभाळायचे, जुने झाले की बंद करायचे. लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं. कशाचं काय! आधी एक कमांड चालवावी लागते. त्या सर्व्हरचा नंबर द्यायचा आणि विचारायचं—बाबा रे, तुझ्याशी थेट कोण कोण जोडलेलं आहे? मग यादी येते. मोठी असली तर सगळी एकदम येत नाही. तळाशी अक्षरांची एक लांबलचक ओळ दिसते—म्हणजे अजून बाकी आहे. ती ओळ कमांडला जोडून पुन्हा चालवायची, की पुढचा भाग येतो. ओळ यायची थांबली की यादी संपली; मग यादीतल्या सगळ्यांची दुसरीकडं सोय लावायची आणि मगच सर्व्हर बंद करायचा. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम.

हे मी सुनंदाला शिकवलं. आमच्याच कंपनीत नवी लागलेली उमापूरची पोरगी, बाप मेंढरं राखतो. बापानं तिला शब्द दिला होता—नोकरी हाय तवर लग्नाचं नाव काढणार न्हाई. त्या शब्दावर ती जगत होती. मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरताना बाप मोजतो, तेव्हा शेवटचं मेंढरू आत जाईपर्यंत घरात कुणी तोंड उघडायचं नाही. पोरगी यादीही तशीच बघायची, फोनसुद्धा उचलायची नाही. मी चिडवायचो, "मोजली का गं मेंढरं?" ती म्हणायची, "शेवटचं दिसल्याबिगर न्हाई, दादा."

आमच्याकडच्या लाईटचं काय सांगायचं? इथं असली की तिथं नसते. म्हणून आम्ही एकमेकांचे पासवर्ड घेऊन ठेवले होते. नियमात बसत नव्हतं, पण ज्याच्या घरी लाईट त्यानं दोघांचं काम उरकायचं, असं ठरलेलं.

त्या दिवशी उमापुरात लाईट सकाळपासून दहादा आली-गेली. दुपारी तिचा फोन आला, राहिलेले सर्व्हर तेवढे बघता का. मी तिच्या नावानं आत शिरलो. घरात पाहुणे होते, ताट वाढलेलं, बायको दोनदा हाक मारून गेलेली. शेवटच्या सर्व्हरची यादी आली. तळाशी ती ओळही आली. मला दिसली नाही असं म्हणू का? दिसली. चांगली दिसली! म्हटलं, उरलेल्यात असून असून काय असणार? 'यादी पूर्ण' असा शेरा मारला आणि जेवायला उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सर्व्हर बंद केला गेला. उरलेल्या भागात एका दवाखान्याचं तपासणीचं मशीन होतं. दिवसभर डॉक्टरांना कुणाचाच रिपोर्ट दिसेना, ऑपरेशनं खोळंबली, नातेवाईक दारात रडत बसले. कंपनीनं नोंद काढली. नोंदीत नाव सुनंदाचं.

तिचा फोन यायच्या आधीच मी कमांड पुन्हा चालवली होती. पुढच्या भागात पहिलंच नाव दवाखान्याचं. म्हणजे मला पक्कं माहीत होतं. तिनं विचारलं, "दादा, ती यादी तुमी बघितली व्हती ना?"

आणि मी—काय म्हणालो सांगू? "नाही गं. ती तूच केली होतीस, मधे लाईट आली तेव्हा. आठवून बघ."

लाईट कधी आली, कधी गेली, ते ती फोनवरच पुटपुटत आठवू लागली. मग म्हणाली, "मग माझंच चुकलं आसंल."

चोर सोडून संन्याशाला फाशी. पासवर्ड दोघांकडं असतो, एवढं जरी ती कंपनीला बोलली असती तरी चौकशी माझ्यापर्यंत आली असती. ती बोलली नाही. तुमचं नाव कशाला मधे आणू, मला म्हणाली. तिला काढून टाकलं. बापानं शब्द पाळला—नोकरी गेली, दोन महिन्यांत लग्न लावून दिलं.

मागच्या महिन्यात पाटोद्याच्या बाजारात भेटली. नवऱ्याला म्हणाली, "हे आमचे दादा. यांनी लई नीट शिकवलं व्हतं, माझीच नजर चुकली." मी म्हटलं, परत कुठं काम बघ की. ती हसली. "नको. आता माझा माझ्यावरच भरवसा न्हाई राहिला, दादा. घराला कुलूप लावलं तरी अर्ध्या वाटंतून माघारी येऊन बघते."

तेव्हा तरी बोलायचं होतं. ती समोर उभी होती, नवरा शेजारी होता, एक वाक्य पुरलं असतं.

"होतं असं," मी म्हणालो. "माणूस आहे, चुकतंच."