बाबांची दगडी पेटी

कुणी 'सहज आलो होतो' म्हणालं की मी आधी त्याच्या हातांकडे बघते. सवयच तशी लागली आहे. भोपाळच्या एका मोठ्या कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होते. इतरांनी 'ओके' म्हटलेल्या मालावर संशय घ्यायचा मला पगार मिळायचा. निवृत्त झाले, माल सुटला, संशय मात्र घरी आला. तो सगळा बाबांच्या वाट्याला जाऊ लागला.

बाबा शहाऐंशीचे. त्याच कारखान्यात लेथवर होते. आई गेल्यापासून इंद्रपुरीच्या घरात एकटेच राहायचे, आणि मी एक दिवसाआड मिसरोदहून स्कूटरने चक्कर मारायची. एरवी बघायला स्वयंपाकाच्या बाई होत्या. पिपलानीहून यायच्या, फार कमी बोलायच्या. कमी बोलणाऱ्यांवर माझा विशेष डोळा असतो.

तो माहितीपट मीच त्यांना टीव्हीवर लावून दिला, वेळ जावा म्हणून. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांत उंचावर तितिकाका नावाचं सरोवर आहे. इंका लोक म्हणायचे, सूर्य ह्याच पाण्यातून वर आला आणि त्यांचे पहिले राजाराणीसुद्धा. "बघायला कोण हजर होतं?" मी म्हणाले. बाबांनी लक्ष दिलं नाही. पडद्यावर पाणबुडे तळाच्या गाळातून एक दगडी पेटी वर काढत होते. पेटीला गोल दगडी बूच, शतकानुशतकं पाण्यात राहूनही जागचं न हललेलं. आत शिंपल्यात कोरलेला बोटभर लामा, म्हणजे तिकडचं लोकरीचं जनावर, आणि सोन्याच्या पत्र्याची सुरळी. ते लोक नावेतून जायचे आणि आपल्याजवळचं मोलाचं काही पाण्याला देऊन यायचे.

बाबांनी दोनच प्रश्न विचारले. "लेथ नसताना बूच इतकं नेमकं बसवलं कसं असेल गं?" आणि बऱ्याच वेळाने, "ज्याला दिलं होतं, त्याला विचारलं का वर काढताना?"

त्यानंतर त्यांची लक्षणं मला ठीक दिसेनात. कार्यक्रम त्यांनी परत परत पाहिला. पेटी निघायची तिथे थांबवून ठेवायचे. वर्षानुवर्षं कपाटात पडलेला, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर बाहेर आला. एकदा पायजम्यावर दगडाची पांढरी भुकटी दिसली. "कुठे गेला होतात?" तर म्हणे, "सहज, कोपऱ्यापर्यंत." आमच्या कोपऱ्यावर दूध आणि समोसे मिळतात, दगड मिळत नाही. मग एके दिवशी वरणभात कालवता कालवता विचारलं, "बडा तालाब सगळ्यात खोल कुठे असेल?"  एकट्या म्हाताऱ्या माणसाने असं विचारल्यावर मुलीच्या मनात जे येतं, ते आलं. त्या दिवसापासून मी रोज जाऊ लागले आणि सहज आले म्हणून सांगू लागले.

आणि एका सकाळी देव्हाऱ्यात टाक नव्हते. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले आमच्या कुलदेवतांचे पाच टाक, खंडोबा, भवानी आणि बाकीचे. पणजोबांनी साताऱ्याकडून आणलेले, आईने जन्मभर पुजलेले. मी एकुलती एक, तेव्हा ते माझ्याकडेच यायचे हे मी धरूनच चालले होते. देवावर माझा फारसा विश्वास नाही, पण ते टाक मला हवे होते. आईची बोटं रोज त्यांच्यावरून फिरलेली होती.

बाबा अंघोळीला गेले होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि बाईंना विचारलं, "आपने मंदिर में से कुछ उठाया तो नहीं? सफ़ाई-वफ़ाई के लिए?"

बाईंनी गॅस बंद केला. हात पुसले. खुंटीवरची पिशवी काढून ओट्यावर उलटी केली. चष्मा, रुमाल, बिस्किटांचा पुडा, बसचं तिकीट. एकेक वस्तू पुन्हा आत ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेल्या. मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मला वाटलं, नाटक करते आहे.

बाबा बाहेर आले, परातीतली तशीच पडलेली कणीक पाहिली आणि मी काय केलं ते त्यांना कळलं. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. पलंगाखालून त्यांनी एक पेटी ओढून काढली. काळ्या दगडाची, डब्याएवढी, वर गोल बूच.

"ओट्याचे दगड कापतो ना, त्याच्याकडून करून घेतली. बूच मी घासलं. बघ, बघ, तुझ्याकडे पास होतं का!" आत मऊ फडक्यात पाचही टाक होते. "तुला संशय माझ्यावर यायला हवा होता."

"मला न विचारता तलावात सोडणार होतात? आईचे देव?"

"विचारलं असतं तर तू 'मी नेते' म्हणाली असतीस."

"मग? नेले असते!"

"रोज दिवा लावला असतास?"

मापात नसलेल्या नगावर मी कधी सही केली नाही. 'हो' माझ्या तोंडातून निघेना.

"पुढे करणारं कोणी नसलं की देव पाण्याला देतात," बाबा आवाज जरा खाली आणून म्हणाले. "माझा हात कापतो. चार वर्षं दिवा ही बाईच लावते आहे, तुला ठाऊक नाही. पेटीचं तिला सांगितलं होतं. तुला सांगू नको म्हणूनही मीच सांगितलं होतं."

म्हणजे पिशवी रिकामी करतानाही बाई सगळं जाणून होत्या आणि बाबांना दिलेला शब्द त्यांनी मोडला नव्हता.

रिक्षा करून आम्ही पिपलानीला गेलो. मी दारातच माफी मागितली. बाईंनी बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घर में दो ही लोग थे, दीदी. आपने एक से ही पूछा."

 

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं नावेत बसलो. बाई बाबांच्या शब्दाखातर आल्या होत्या, माझ्याशी बोलत नव्हत्या. मला रागही येत होता, की हा माझ्या घरचा प्रसंग आणि मीच त्यात आगंतुक. काठ लांब गेल्यावर नाववाल्याने वल्हं थांबवलं. पेटी बाबांच्या मांडीवर होती. मी हात पुढे केले. पोटच्या मुलीने करायचे असतात तसे.

बाबांनी पेटी माझ्यासमोरून नेऊन बाईंच्या ओंजळीत ठेवली. "दिया तुमने जलाया है. तुम ही छोड़ो."

त्यांनी ती लगेच सोडली नाही. दोन्ही हातांत धरून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "छोड़ दूँ, दीदी?"

मी मानेनेच हो म्हटलं.