मावसाजींचं साधं वाक्य

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशांस तर विशेषच, गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, महाराष्ट्र राज्य नवंकोरं असताना बुलढाणा जिल्ह्यात एक असा गृहस्थ राहत होता, ज्याच्या तोंडून सरळ, साधं, एका दमाचं वाक्य कोणीही ऐकलेलं नव्हतं. हे गृहस्थ माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना मावसाजी म्हणायचो. ते स्वतः मात्र कोणालाच नावानं हाक मारत नसत, कारण त्यांच्या मते नाव हा माणसाचा फार अपुरा पत्ता होता.

धामणगाव बढ्याच्या हायस्कुलात ते इंग्रजी शिकवत. त्यांचा जीव एका जागी अडकलेला होता. ‘हू’, ‘विच’ आणि ‘दॅट’ लावून मुख्य वाक्याला जी छोटी वाक्यं जोडतात, ती. आणि त्यातही ज्यांच्या पोटात ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ यांपैकी कोणीतरी बसलेलं असतं, ती. मुख्य वाक्य म्हणजे बंडी, आमच्याकडची बैलगाडी, असं ते फळ्यावर बंडी काढून सांगायचे. ‘हू’ म्हणजे मागे दुसरी बंडी जोडायचा आकडा. ‘कॅन’ हा ओढू शकणारा बैल, ‘मे’ हा ओढला तर ओढला असा बैल, आणि ‘मस्ट’ म्हणजे ज्याच्या पाठीत तुतारी, म्हणजे पराणी, टोचलेली आहे तो. ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’, ‘ईझिली’ ही घुंगरं. ती कुठं बांधायची? तर ‘कॅन’च्या लगेच मागे, क्रियापदाच्या आधी. ‘द मॅन हू कॅन ईझिली लिफ्ट द सॅक.’ घुंगरू बैलाच्या गळ्यातच शोभतं, शेपटीला बांधाल तर लोक बैलाला हसणार नाहीत, तुम्हाला हसतील, असं ते बजावायचे. या घुंगरांच्या जोरावर कपाशीच्या शेतातून थेट वर्गात आलेली पोरं मॅट्रिकला इंग्रजीत पार पडायची, हे मी त्यांची कितीही थट्टा केली तरी नाकारणार नाही.

पंचाईत एवढीच की शाळा सुटली तरी बंड्या सुटत नसत. सकाळी दारात दूधवाला उभा राहिला की मावसाजी आत वर्दी देत, “ज्यांच्या दुधात सहसा पाणी नसावं असं मानायला हरकत नाही, ते आलेले दिसतात.” मावशी पातेलं घेऊन बाहेर येईपर्यंत दूधवाला मान खाली घालून उभा असे, आपली तारीफ झाली की बेइज्जती, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा शेजारच्या अण्णांचं धोतर कुंपणावर वाळत होतं आणि एक बकरी ते मोठ्या रुचीनं खात होती. अण्णा पलीकडेच बाजेवर पेपर वाचत बसले होते. मावसाजींनी तातडीनं बोलायला सुरुवात केली, की जी बकरी कदाचित आपली नसावी, पण जिला आपण वेळीच हाकलू शकाल, तिनं जे धोतर बहुधा आपलंच असलं पाहिजे... मराठीत क्रियापद शेवटी येतं. ते आलं तेव्हा काठ शिल्लक होता.

नांदुऱ्याच्या गाडीचा कंडक्टर त्यांना पुरता ओळखून होता. ‘जी गाडी नांदुऱ्याला साधारणपणे वेळेवर पोहोचू शकते ती हीच का’ असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा त्यानं घंटीची दोरी हातात धरूनच उत्तर दिलं, “जे बसतील ते पोहोचतील, सर.” मावसाजी या उत्तरावर इतके खूश झाले की वाक्याची मांडणी मनात घोळवत तिथंच उभे राहिले, आणि गाडी गेली. घरी येऊन मावशीला म्हणाले, ज्याला वाक्याचं अंग असावं असा तो माणूस आहे. मावशी म्हणाली, “आन् तुमाले गाडीचं नाही.”

आता मुख्य वाक्याकडे येतो. मावसाजींना एकच मुलगी, आमची ताई. तिच्यासाठी नांदुऱ्याकडचं एक स्थळ आलं. माणसं कास्तकार, घरची कपाशी, मुलगा शिकलेला, आणि मुख्य म्हणजे ताईच्या मनात भरलेला. तसं तिनं मावशीला चुलीपुढं खाली मान घालून सांगितलंही होतं. मुलाचे वडील मात्र एक घाव दोन तुकडे करणारे. पोरगी पसंत आहे, पण आज सुपारी फुटली नाही तर उद्या आम्ही दुसऱ्या गावी पोरगी पाहायला जाणार, असं त्यांनी येतानाच बजावलं होतं. आणि आमच्याकडची रीत अशी, की बैठकीत चार माणसांदेखत मुलीच्या बापानं ‘पोरगी देली’ म्हणायचं, मुलाच्या बापानं ‘केली’ म्हणायचं, आणि मगच सुपारीला अडकित्ता लावायचा. हे बापाच्या वतीनं दुसऱ्या कोणी म्हटलेलं चालत नाही.

दोन शब्द. मावशीनं आठवडाभर ते त्यांच्याकडून घोकून घेतले. दात घासताना, विहिरीवर, धोतर नेसताना मावसाजी पुटपुटत होते. मावशीनं शेवटची ताकीद दिली, की आज घुंगरं घरात टांगून ठेवा.

बैठक बसली. मी तेव्हा कॉलेजात होतो. सुपारीचं तबक आणि अडकित्ता माझ्या हाती दिला होता. पाहुण्यांचा चहा झाला, पाऊसपाणी, कपाशीचा भाव, सगळं बोलून झालं. मुलाचे वडील म्हणाले, “हं, बोला सर.”

मावसाजींनी घसा साफ केला. “ज्या मुलीला तुमच्या घरी नेहमी सुखानं राहता येईल,” ते म्हणाले, “ती, सर्व बाजूंनी विचार करता, आपणांस देता येऊ शकेल.”

मुलाच्या वडलांनी शेजारी बसलेल्या भावाकडे पाहिलं. “काय म्हणते बे हे?”

“देऊ शकतात म्हणे,” भाऊ म्हणाला.

“शकाले तं मीबी आमदारकीले उभा राहू शकतो. देली का नाही ते सांगा, सर.”

मावसाजींनी पुन्हा जुळवाजुळव केली. जी मुलगी कधी ना कधी द्यायलाच हवी, असं काहीसं निघालं. द्यायला हवी हे मलेही मालूम आहे, असं उत्तर आलं. तिसऱ्या खेपेला ‘निश्चितपणे दिली जावी’ इथवर गाडं आलं आणि रुतलं. मुलाच्या वडलांनी टोपी डोक्यावर ठेवली. ज्याले पोरगी द्याची हाये तो माणूस एवढं कुंथत नाही, असं ते भावाला हळूच म्हणाले, पण त्यांचं हळू सगळ्या ओसरीला ऐकू जाई. दोघं उठले आणि जोडे शोधू लागले. माझ्या हातातला अडकित्ता उगाचच वाजला.

तेवढ्यात ताई दारात आली. पाहुणे निघाले म्हणून रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या घेऊन आली असेल. तिनं कोणाकडे पाहिलं नाही, बापाकडे तर नाहीच. तांब्या मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मावसाजी तिच्याकडे पाहत राहिले. 

मग ते बोलले. पुस्तकी मराठी गेली, आणि जी बोली त्यांनी वर्गात पोरांना कधी बोलू दिली नाही ती बाहेर आली. मुलाच्या वडलांनी पायातला एक जोडा काढून बाजूला ठेवला, परत येऊन सतरंजीवर बसले, नाक शिंकरलं, ‘केली’ म्हणाले आणि माझ्या हातून अडकित्ता घेऊन स्वतःच सुपारी फोडली.

ताईचा संसार छान झाला. दोन्ही व्याही पुढं इतके एक झाले की बाजेला बाज लावून बोलत बसायचे. एक बंड्या जोडायचा आणि दुसरा त्या सोडवायचा. आता दोघंही नाहीत. धामणगावला गेलो की त्या ओसरीवर जरा टेकतो. मावसाजींच्या नकला मी आयुष्यभर केल्या, त्यांच्या वाक्यांना पदरची घुंगरं बांधून लोकांना हसवलं. पण त्या दिवशीच्या वाक्याला हात लावायची छाती मला अजून झालेली नाही. तांब्या धरून उभ्या असलेल्या लेकीकडे पाहत ते म्हणाले होते:

“द्याची तं नाही मले. पण देली.”