क्लबाच्या सायकली आणि आमचे मिस्त्री

सायकलच्या दुकानात किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. माणूस पंक्चर काढायला येतो, घटकाभर बसतो आणि एक किस्सा ठेवून जातो! आदिलाबादेतलं आमचं दुकान निजामाचं राज्य गेलं तेव्हापासूनचं. दुरुस्ती नवऱ्याची, आणि फ्रेमवरची सोनेरी रेघ माझ्या हातची. सारं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, म्हणून मीही.

*

राज्य बदललं, जुने साहेब गाव सोडून गेले. त्यांच्या क्लबाच्या कोठडीत सहा विलायती सायकली गंजत पडल्या होत्या. हलक्या, वाकड्या हँडलच्या, जोरात पळवायच्या. मिस्त्रींनी त्या लिलावात घेतल्या. महिनाभर आम्ही दोघं रॉकेल लावून गंज घासत होतो.

तहसीलचा एक कारकून येताजाता टोकायचा, "अंग्रेज गेला, निजाम गेला, तुमी काऊन त्याईचं लोखंड घासून राह्यले?"

एक दिवस मिस्त्रींनी सायकल उलटी ठेवून मागचं चाक फिरवलं. "चहा पिऊन या, मंग सांगतो."

कारकून चहा पिऊन आला. चाक फिरतच होतं!

*

मिस्त्रींचा कायदा एकच. गिऱ्हाइकानं पायताण काढून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायचं. टाचा टेकून वर दोन बोटं जागा राहिली, तर फ्रेम त्याची. नाही तर नाही!

नवे तहसीलदार अंगानं ठेंगणे. बोट दाखवलं ते सगळ्यात उंच सायकलीकडे.

"साहेब, हे चोवीस इंचाची. तुमचं माप वीस."

"मैं तहसीलदार हूँ!"

"हुद्द्याचं माप नाही घेत साहेब, पायाचं घेतो!"

साहेब ताडकन निघून गेले. आता दुकानाला कुलूप लागतं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी साहेब परत आले. बूट दारातच काढून!

*

ती चोवीसची वर्षभर उभीच. मागणारे पुष्कळ, मापाचा एकही नाही. मग एकदा भीमपूरचा एक कापूसवाला दारातून वाकून आत आला. मिस्त्री स्टुलावरून उठलेच. "या, या! सालभर तुमचीच वाट पाहून राह्यलो!"

तो गडबडला. "मी त हवा भराले पंप मागाले आलो!"

गेला तो त्याच सायकलीवर बसून.

*

राज्यांची फेररचना झाली. राजुरा तालुका मुंबई राज्यात गेला, आम्ही आंध्रात. पाटीवर उर्दू, मराठी होतीच, वर तेलुगू आली. एका नव्या अंमलदारानं विचारलं, "माप कोणत्या भाषेत घेता?"

"दोन बोटांत!"

*

वांकिडीच्या अनसूयाबाई सरकारी दाई म्हणून शेजारच्या मावला गावी आल्या. त्यांना गावोगाव फिरायचं होतं. दुकानात येऊन सरळ म्हणाल्या, "मले विलायती पाह्यजे."

बाहेर घोळका जमला. "बाईमाणसानं दांडीवरून पाय टाकायचा?"

मिस्त्री मला म्हणाले, "माप तू घे."

मी दार लोटलं. बाईंनी नऊवारीचा कासोटा घट्ट खोचला, चपला काढल्या, उभ्या राहिल्या. टाचा टेकलेल्या, वर बरोबर दोन बोटं. मी दार उघडलं.

बाई सायकल पळवून पाहायला निघाल्या. तास झाला, दोन झाले. "पडल्या असतीन," लोक म्हणू लागले. मिस्त्री मान खाली घालून तारा आवळत बसले.

ऊन कलताना बाई आल्या. धुळीनं लुगडं भरलेलं, एक पाय टेकून ऐटीत थांबल्या.

"बाई, पाय पुरले ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"पाय पुरले, मिस्त्री. रस्ताच कमी पडला!"