पुणे, तालुका डिचोली

शूटिंगमध्ये काम थोडं आणि थांबणं फार. लाइट लागेपर्यंत थांबा, मेकअप होईपर्यंत थांबा, ढग सरकेपर्यंत थांबा. थांबलेली माणसं करणार काय? बोलणार! त्यामुळे आमच्या युनिटमध्ये एपिसोडपेक्षा किस्से जास्त तयार होतात. माझं खरं मत विचाराल तर ते एपिसोडपेक्षा बरेही असतात.

मी गोव्यातल्या पेडण्याचा. जागा शोधणं, गाड्या, जेवण, पंचायतीची परवानगी, असली कामं माझ्याकडे. युनिटमध्ये मला नावानं कुणी हाक मारत नाही. "लोकल कुठाय?" असं कुणी ओरडलं की मी हजर!

आमची विनोदी मालिका घडते पुण्यात. शूटिंग मात्र होतं गोव्यात, डिचोली तालुक्यात, मुळगावला, सुलभावहिनींच्या घरात. पहिल्याच दिवशी मी दिग्दर्शकसाहेबांना विचारलं, "साहेब, मग पुण्यातच का नाही करत?"

साहेब गंभीर होऊन म्हणाले, "पुण्यात पुण्यासारखं घर आता राहिलंय कुठं?"

सुलभावहिनींनी घर दिलं त्याचं कारण वेगळंच होतं. त्यांचा महेश. डिचोलीत औषधांचं दुकान, स्वभावानं गरीब, तिशी उलटलेली आणि लग्न काही जमेना. वहिनींचा हिशेब सरळ होता. "घर टीव्हीर दिसलें म्हणटकच सोयरिकी आपशींच येतल्यो!"

आता आमच्या मालिकेतली सासू सुनेचा मोबाइल तांदळाच्या डब्यात लपवते आणि फ्रिजला कुलूप लावते, हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मला तरी कुठं ठाऊक होतं!

*

आमच्याकडे कुठल्याही कामाची सुरुवात नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून होते. साहेबांना ही कल्पना फार आवडली. वाड्यावरच्या, म्हणजे तिथल्या वस्तीतल्या, दाजींना बोलावलं. दाजींचा आवाज असा की माइकवाल्यानं आपणहून माइक बाजूला ठेवला.

"बा देवा म्हाराजा! हीं भुरगीं आमच्या वाड्यार पोट भरूंक आयल्यांत, तांकां यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं युनिट.

"ह्या घरांत तीं जीं झगडीं दाखयतलीं, तीं फटींचीं आसूं दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी खरींच जावपाचीं जाल्यार पुण्याक जावं दी रे म्हाराजा!"

युनिटमध्ये अस्सल पुणेकर एकच, आमचा कॅमेरामन. सगळ्यात मोठ्यानं "व्हय म्हाराजा" तोच म्हणाला!

*

दुसऱ्याच दिवशी पोदेर आडवा आला. पोदेर म्हणजे सायकलवर टोपली बांधून पाव-पोळे विकणारा. भोंपू वाजवल्याशिवाय त्याचा पाव खपत नाही. इकडे सून रडवेली होऊन म्हणतेय, "मी माहेरी जाते," आणि मागून, पोंक पोंक!

टेक झाला, पुन्हा पोंक पोंक. शेवटी साहेब स्वतः बाहेर गेले. "अहो, आमच्या मालिकेत हे पुणे आहे. पुण्यात असा भोंपू वाजत नाही. तुम्ही दुसऱ्या वाटेनं जाल का?"

पोदेरानं एक पाय खाली टेकला आणि साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अरे, हांव खंय पुण्याक आयलां? तुमचें पुणें म्हज्या वाटेर आयलां!"

तेव्हापासून सून माहेरी जायची धमकी पाव येऊन गेल्यावर देते.

*

मग आला लाल धुळीचा प्रश्न. पाळी गावच्या खाणींकडून खनिजाचे ट्रक सुरू झाले की आमच्या भागात रस्ता लाल, पानं लाल, वाळत घातलेलं धोतरसुद्धा लाल. चॅनलवरून निरोप आला, "पुण्याचा रस्ता एवढा लाल कसा?"

एडिटिंगला बसलेला पोरगा हुशार. म्हणाला, "काळजी नको, कॉम्प्युटरवर सगळा लाल काढून टाकतो." काढला! रस्ता कसा छान करडा झाला. साहेब खूश, चॅनल खूश.

एपिसोड लागला आणि फोनवर फोन. सासूच्या कपाळावरचं कुंकूही लालच की हो! तेही गेलं होतं. प्रेक्षकांचा एकच सवाल, "सासरे कधी वारले? आम्हाला दाखवलंच नाही!"

*

पण कळस झाला तो 'कुटुंब सहलीला गोव्याला जातं' या एपिसोडच्या वेळी.

मला वाटलं, आता तरी आपलं काम सोपं. गोव्यातच तर आहोत! सगळे किनारे साहेबांना दाखवले. साहेबांनी मान हलवली. "लोकल, इथं नुसती पुण्या-मुंबईची गर्दी आहे. फ्रेममध्ये गोवा दिसतच नाही."

मग कुणीतरी सुचवलं, तेरेखोल नदीच्या पलीकडे सिंधुदुर्गात एक मोकळा किनारा आहे, अगदी गोव्यासारखा! निघाली वरात. छत्र्या, टोप्या, 'गोव्यात आपले स्वागत आहे' असा रंगवलेला बोर्ड, सगळं फेरीबोटीत चढवलं. फेरीवरच्या माणसानं बोर्ड बघितला.

"खंय भायर सरल्यात?"

"गोव्याला!" साहेब उत्साहात म्हणाले.

त्यानं एकदा नदीकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. "आनी आतां खंय आसात?"

पलीकडच्या काठावर उतरेपर्यंत साहेब बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे होते.

*

इकडे सुलभावहिनींच्या सोयरिकींचं काय? आल्या की! पहिले मुलीकडचे पाहुणे फाटकातूनच परत फिरले. "हें तेंच घर मूं? तसल्या सासूच्या घरांत चली दिवंची ना!"

"सासू हांव! ती न्हय!" वहिनी ओरडल्या. त्या ओरडल्या त्या नेमक्या मालिकेतल्या सासूसारख्याच, त्यामुळे पाहुण्यांनी गाडी आणखी जोरात पळवली.

दुसऱ्यांचंही तेच, तिसऱ्यांचंही तेच. एक दिवस वहिनी दारापुढच्या सोप्यावर बसून रडल्या. सासूचं काम करणाऱ्या नलिनीताई, ज्यांना खऱ्या आयुष्यात मुंगीलाही हाड म्हणवत नाही, त्यांनी पाणी आणून दिलं. वहिनींनी ते घेतलं नाही. त्या दिवशी युनिटमध्ये कुणी ताट वाढून घेतलं नाही. हसवायचा धंदा आमचा, आणि ज्या घरात बसून हसवतो तिथलीच बाई रडतेय!

मग पेडण्याची स्नेहा सांगून आली. तिला महेश पसंत, महेशला ती पसंत, आईबापांची ना नाही. अडून बसली तिची आजी. पण या वेळी कारण सासूचं नव्हतं! आजी आमची मालिका रोज बघायची. तिचं म्हणणं असं, मुलगा खोटारडा, "तो चलो फटिंग! घर मुळगांवां म्हणटा. हांव रोज सांजवेळा पळयतां, घर पुण्यांत आसा!"

आता या आजीला समजावणार कोण? "लोकल कुठाय?"

गेलो. पाया पडलो, म्हटलं, "आजी, चला, स्वतःच्या डोळ्यांनी बघा." आजी काठी घेऊन जीपमध्ये पुढच्या सीटवर, स्नेहा आणि तिची आई मागे.

मुळगावला फाटकाशी उतरून आजींनी सोप्याच्या खांबाला हात लावून बघितला. "घर हांगाच आसा मगो!" त्या पुटपुटल्या. माझा जीव भांड्यात पडला.

आणि नेमक्या त्याच वेळी नलिनीताई नऊवारी, अंबाडा, किल्ल्यांचा जुडगा अशा थाटात चहाचा कप घेऊन बाहेर आल्या!

आजींनी काठी उचलली. "गो बाये! पिकिल्ल्या केंसांची लज तरी दवर! सुनेचो मोबायल तांदळांत निपयता? फ्रिजाक कुलूप मारता? तुका भुरगीं आसात काय ना?"

साहेब पुढे सरसावले, पण नलिनीताईंनी हातानं त्यांना थांबवलं. कप खाली ठेवला, हात जोडले. "चुकलं माझं, आजी. यापुढं सुनेला त्रास देणार नाही."

आजींचा राग उतरला. मग त्यांचं लक्ष गेलं दारात उभ्या असलेल्या सुलभावहिनींकडे.

"तूं कोण गो?"

"हांव... महेशाची आवय."

आजींनी एकदा नलिनीताईंकडे बघितलं, एकदा वहिनींकडे. आणि पुढे होऊन वहिनींच्या गालावरून हात फिरवला. "म्हणजे तूं हिची सून! बाये, हे बायलेकडेन इतलीं वर्सां काडलीं तुवें? जिणें इतलें सोंसलां, ती आपल्या सुनेक त्रास दिवचीच ना!"

स्नेहा ओढणी तोंडात कोंबून खांबाआड उभी. तिला सगळं कळत होतं, पण तिनं आजीची चूक सुधारली नाही. आईमागे उभा असलेला महेश तिच्याकडे बघत होता, त्यानंही नाही. सुलभावहिनींनी डोक्यावर पदर घेतला आणि मान खाली घातली. असा अभिनय आमच्या युनिटमध्ये आजवर कुणाला जमलेला नाही!

"पूण ही म्हातारी हांगाच रावतली?" आजींची शंका.

चॅनलनं कालच कळवलं होतं, पुण्यात रेटिंग नाही, पुढच्या महिन्यापासून गोष्ट नाशिकमध्ये घडवा. आमच्या दृष्टीनं फाटकावर शूटिंगपुरती लागणारी पुण्याची पाटी तेवढी बदलायची होती. साहेब म्हणाले, "नाही आजी. पुढच्या महिन्यात नाशिकला जायचंय."

"सासू वता?"

"सासू जाते."

"आनी घर?"

साहेबांनी सुलभावहिनींकडे बघितलं. "घर मुळगावातच राहतं, आजी."

"मगे रावल्यात कित्याक? गोड हाडा!"

सुलभावहिनी पदरानं डोळे पुसत लगबगीनं गोड आणायला आत वळल्या. आणि मागून नलिनीताई सवयीनं ओरडल्या, "सूनबाई, साखर बेतानं!"