लिब्रादोची पिसाची नळी

नाबोरने तोमासाबाईंना चोर म्हटलं. सत्तराव्या वर्षी, अकरा परक्या माणसांसमोर, दिवसाढवळ्या. आणि कुठे? ज्या कोरड्या ओढ्यातली वाळू उपसता उपसता बाईंची कंबर वाकली, त्याच ओढ्यात!

हा नाबोर परका असता तर गोष्ट वेगळी. बाईंच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून त्यानेच तिला हातावर धरलं होतं. तेव्हापासून तो बाईंना कोमाद्रे म्हणायचा आणि त्या त्याला कोम्पाद्रे. सोनोराच्या त्या वाळवंटात हे नातं सख्ख्या नात्याहून जड. मध्ये चाळीस वर्षं बोलणं बंद होतं, त्याचं कारण पुढे येईलच. पण गेल्या हिवाळ्यात स्वारी आपणहून दारात उभी राहिली. शहरातल्या हौशी लोकांना सोनं शोधायला शिकवायचा धंदा त्याने काढला होता, आणि शिकवणार कोण? गुडघे गेलेला, दोन फुंकरीत धापा टाकणारा हा? बाई म्हणाल्या, "म्हणजे तुझी टोपी आणि माझी अक्कल." तरी गेल्या. घरात बसून भिंती किती बघायच्या!

शिकवायच्या मात्र झकास. "वरची वाळू घेऊ नका रे, ती वाऱ्याने आणलेली. ओढा वळतो ना, तिथे आतल्या अंगाला खरवडा. खडकाच्या फटीत बघा, मेस्कीटच्या झुडपाच्या मुळाशी बघा. सोनं आळशी असतं, टेकायला जागा मिळाली की हलत नाही." मग चाळायचं, घोंगडीवर घेऊन वाऱ्यावर उडवायचं, उरलेली काळी वाळू लाकडी परातीत तिरकी धरायची आणि फुंकायची. "हळू! गरम दुधावर फुंकता तसं. वादळ नकोय मला."

पण नवशिक्यांना हवं पाणी. चित्रात पाहिलेलं असतं ना, ताटली घेऊन पाण्यात बसलेला माणूस! म्हणून नाबोर ट्रकवरून पाणी आणायचा आणि पत्र्याच्या घंगाळात ओतायचा. बाईंना ते पटायचं नाही. "आपलं काम वाऱ्याचं. पाण्यातलं तुला काय कळतं आणि मला काय कळतं?" आणखी एक गोष्ट त्यांना मुळीच पटत नव्हती. कुणी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून नाबोर दर खेपेला वाळूत एक नळी सोनं मिसळायचा. नळी म्हणजे गिधाडाच्या पिसाची पोकळ दांडी. त्या भागात बारीक सोनं तिच्यातच ठेवतात. ही शुद्ध फसवणूक होती आणि बाई गप्प बसल्या. तिथे चुकलंच त्यांचं.

त्या दिवशी मंडळी उशिरा आली, भुकेने कावलेली. एरवी जेवण शेवटी असायचं, त्या दिवशी आधी झालं. नाबोरने स्वतः तांब्याच्या कढईत डुकराचं मांस त्याच्याच चरबीत तळलं होतं. लोकांनी पोळ्यांत गुंडाळून, बोटं चाटून चाटून खाल्लं, हात पँटला पुसले आणि ताटल्या घेऊन घंगाळाभोवती बसले. बाईंचे दात पडलेले, त्यांनी आपला वाटीभर घेवडा खाल्ला.

तासभर धुतलं. अकरा ताटल्या, आणि एकीतही कण नाही! मोठ्या टोपीची एक बाई म्हणाली, "काय हो, इथे सोनं आहे की नुसतंच ऊन?" लोक हसले. नाबोरचा चेहरा उतरला, मग लाल झाला. रागाच्या भरात आपलीच लबाडी उघडी पडतेय, हेही त्याला सुचलं नाही.

"कोमाद्रे, सकाळी नळी तुमच्या हातात दिली होती मी."

"आणि मी ती वाळूत ओतली. तुझ्यादेखत."

"मग गेलं कुठे? पंख फुटले? हात मारलात तुम्ही! शेवटी त्या चोर लिब्रादोचीच बायको!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचं काय, स्वतःचं त्यांनी ऐकूनही घेतलं असतं. पण लिब्रादो! मेलेला माणूस, उठून दोन शब्दही बोलू शकत नाही!

चाळीस वर्षांपूर्वी लिब्रादो आणि नाबोर भागीदार होते. सान हुआनचा सण होता, ओढ्यात कधी नव्हे ते डबकं साचलेलं. डुक्कर कापलं, दोघं पोटभर जेवले, आणि हौस म्हणून हंगामाची शेवटची काळी वाळू फुंकण्याऐवजी डबक्याचं पाणी बादलीत घेऊन त्यात धुतली. नळीभर सोनं निघायला हवं होतं, निघालं अर्ध्याहून कमी. परात शेवटी लिब्रादोच्या हातात होती, एवढ्यावरून नाबोरने त्याला चोर ठरवलं. त्यानंतर कुणी लिब्रादोबरोबर कामाला गेलं नाही. एकटाच खणत राहिला आणि एका दुपारी खड्ड्यातच एकटा मेला.

"माझे खिसे बघ," बाई ओरडल्या. "झोळी बघ, वेणी सोडून बघ! आणि नाही सापडलं तर?"

त्यांनी झोळी घंगाळाच्या काठावर आपटली, आणि हात तिथेच थांबला. ऊन तिरकं झालं होतं. पाण्यावर चरबीचा तवंग होता, रश्शावर असतो तसा, आणि त्या तवंगावर पिवळी पूड तरंगत होती.

सोनं! तरंगत होतं!

बाईंनी झोळी उघडली. झोळीत केस धुवायचं मूळ होतं, वाळवंटातलं, रिठ्यासारखा फेस येणारं. ते त्यांनी दगडाने ठेचलं आणि पाण्यात पिळलं. तवंग फाटला. पिवळी पूड खाली गेली. सगळे पुढे वाकून बघत होते. मग बाईंनी अलगद पाणी उपसलं, तळाचा गाळ परातीत घेतला, उन्हात वाळवला आणि फुंकला. काळी वाळू सरकत गेली, मागे पिवळी रेघ उरली. बाईंनी ती पिसात भरली. नळी जवळजवळ काठोकाठ.

नाबोर जवळ आला, कानाशी कुजबुजला, "चुकलं माझं, कोमाद्रे."

"चोर म्हणताना कुजबुजला होतास?"

त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

"सान हुआनला डुक्कर कुणी कापलं होतं?"

"मी."

"तुझे हात धुतले होतेस? त्याचे त्याने धुतले होते? आणि ते पाणी?"

"ओतून दिलं," नाबोर म्हणाला, आणि एकदम वाळूत खाली बसला. त्याच्या लक्षात आलं होतं.

"मोठ्याने बोल. हे अकराच जण ऐकतील, पण ऐकू देत."

नाबोरने टोपी काढली. "बाई चोर नाहीत. लिब्रादोही चोर नव्हता. आमच्याच हातांची चरबी होती." मग तो बाईंकडे वळला. "झालं ना, कोमाद्रे? केलंत ना माफ?"

"मी कोण माफ करणारी?" बाई म्हणाल्या. त्यांचा राग उतरायला हवा होता, पण तो आता भलतीकडेच वळला होता. "तू निदान तोंडावर तरी म्हणालास. मी काय केलं, माहितेय? त्या सणानंतर लिब्रादोचे कपडे धुवायला घेतले आणि सदऱ्याच्या शिवणी उसवून बघितल्या. एकेक शिवण! मान वर केली तर हा दारात उभा. खाली वाकला, बूट काढले आणि माझ्यापुढे ठेवले. म्हणाला, हेही बघून घे."

नाबोरने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि मी बघितले रे," बाई म्हणाल्या. "मी ते हातात घेऊन उलटे केले."