गॅलरीतला कोरम

सोसायटीच्या मॅनेजरला किस्से शोधावे लागत नाहीत. टाकीत गाळ साचतो तसे ते साचत जातात आणि एक दिवस झाकण उघडलं की दिसतात. मी राहतो रोह्याजवळ, वरशाला. कंपनीत जन्मभर शिफ्ट केल्या, रिटायर झालो, आणि घरात बसून बायकोच्या चुका काढण्यापेक्षा बरं म्हणून पेणमधल्या एका सोसायटीचं मॅनेजरपद घेतलं. खाली पार्किंग, वर तीन मजले, चोवीस फ्लॅट. कंपनीत मी ॲसिडच्या टाक्यांजवळ काम केलंय, पण एवढी घाबरलेली माणसं तिथेही पाहिली नव्हती. आणि घाबरायची कशाला? तर सहीला!

इथला समज असा, की सही केली की अडकलो. मीटिंगला हजर राहिलो तरी अडकलो. म्हणून कुणी हजरच राहायचं नाही.

*

सेक्रेटरी कसा निवडला ते ऐका. वार्षिक सभेत नाव सुचवायची वेळ आली आणि सगळे आपापल्या चपला बघायला लागले. शेवटी कुणीतरी विचारलं, "आज कोण आलेला नाय?"

म्हात्रे सर आले नव्हते. शाळेतून रिटायर झालेले, भूगोल शिकवायचे, आणि त्या दिवशी गागोद्याला पाहुण्यांकडे वास्तुशांतीला गेलेले. एकमताने निवडून आले! संध्याकाळी मी अभिनंदन करायला गेलो तर सर खुर्चीतच बसले.

"साळवी, मी काय केलं होतं हो तुमचं?" एवढंच म्हणाले.

*

निवडून आल्यावर कमिटीवाल्यांना एक बॉण्ड भरून द्यावा लागतो, की सोसायटीचं आमच्या चुकीने नुकसान झालं तर जबाबदारी आमची. मी तो कागद टेबलावर ठेवला. सरांनी तीनदा वाचला. चौथ्यांदा ओळीखाली बोट फिरवत वाचला.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "तिकडे आत डबा देऊ देतात का?"

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. सरांनी सही केली आणि दोन दिवस जेवले नाहीत.

*

त्यानंतर निबंधक कार्यालयाचं एक खाकी पाकीट आलं. उघडायचं कुणी? चेअरमन म्हणाले सेक्रेटरीने, सर म्हणाले चेअरमनने. शेवटी दोघांनी मिळून तोडगा काढला, आणि पाकीट न उघडता तसंच नोटीस बोर्डाला टाचणीने लावलं!

आठ दिवस येणारा जाणारा त्याच्याकडे बघून लांबून जायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी माहेरी फोनसुद्धा केला, की आमच्या बिल्डिंगचं काही खरं नाही. नवव्या दिवशी मीच फोडलं. कार्यालयाचा पत्ता बदलल्याची सूचना होती.

*

इथवर गंमत होती. खरी भीती आली ती इंजिनीअरबरोबर.

इमारतीची तपासणी करायला एक तरुण इंजिनीअर आला होता. हातोडीने ठकठक करत सगळं फिरला. तिसऱ्या मजल्यावर हमीदाचाचींकडे आला. चाची सत्तरीच्या, मुलगा गल्फमध्ये, घरात त्या आणि सून. त्यांच्या गॅलरीत त्याने एकदा हातोडी मारली आणि थांबला. दुसऱ्यांदा मारली नाही. मग एकेक पाऊल मागे टाकत, उलटा चालत आत आला.

मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, इथं कुंडीपण ठेवू नका. आणि खालून लगेच टेकू लावा."

त्याच दिवशी मी खाली, गॅलरीच्या बरोबर खालच्या जागेभोवती, चुन्याची रेघ ओढली. ह्या रेघेच्या आत कुणी यायचं नाही. चाचींनी वाळत घातलेले कपडे काढले, दार ओढून घेतलं. टेकूवाला म्हणाला, सभेचा ठराव दाखवा, मग काम सुरू करतो. आणि कमिटी ठरावाला घाबरली! गॅलरी धोकादायक आहे असं कागदावर आलं तर नगरपालिका सगळी बिल्डिंग रिकामी करेल, अशी कुणीतरी आवई उठवली होती.

मला मात्र तेव्हापासून नीट झोप लागेना. वरशाहून निघालो की पेण येईपर्यंत डोक्यात एकच, की गॅलरी अजून आहे ना.

*

कमिटी सभा बोलावत नसेल तर सभासदही सभा मागू शकतात. त्याला एक पंचमांश सभासदांच्या सह्या लागतात, म्हणजे आमच्याकडे पाच. हे मी चाचींना सांगितलं. त्या गुडघे धरून जिने चढल्या, उतरल्या. पाच सह्यांना दोन महिने लागले!

पाचवी सही तिसऱ्या मजल्यावरच्या, मागच्या बाजूच्या घरतांची. कागद हातात घेतला आणि मी चक्रावलो. सही पेन्सिलीने!

"घरत, हे काय?"

"उद्या काय झाला तर खोडता येल ना," घरत म्हणाले.

मी त्यांना हाताला धरून बसवलं आणि त्याच सहीवरून शाई फिरवून घेतली. तेवढ्यात घरत तीन वेळा पाणी प्यायले.

*

सभा रविवारी सकाळी दहाला, कंपाउंडमध्ये. कोरम सोळाचा. आणि सभासदांनी मागितलेल्या सभेचा नियम कडक असतो. अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर सभा बरखास्त. चाचींचे दोन महिने पाण्यात.

दहा वाजता खाली सभासद किती? पाच! चाची, म्हात्रे सर, आणखी तिघं. रेघेपासून लांब मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या. आणि वर बघतो तर सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. सभेत काय होतं ते ऐकायचं तर सगळ्यांना होतं, फक्त हजर राहायचं नव्हतं.

दहा वाजून वीस मिनिटांनी सरांनी माझा हात घट्ट धरला.

"साळवी, तिसऱ्या मजल्यावर बघा."

चाचींच्या गॅलरीत माणसं उभी होती! मागच्या बाजूच्या फ्लॅटमधून कंपाउंड दिसत नाही, म्हणून तिकडचे सगळे चाचींच्या घराचं लोटलेलं दार उघडून तिथे येऊन उभे राहिले होते. दोन महिने गॅलरी पडली नव्हती, तेव्हा त्यांची भीती फक्त कागदापुरतीच उरली होती. मी मोजले. सात. पुढे कठड्याला रेलून घरत.

चाचींनी तोंडावर पदर घेतला. "या अल्ला, सून आत निजलीय रे," त्या कुजबुजल्या.

चुन्याच्या रेघेच्या आत बारीक सिमेंट पडायला लागलं. पीठ चाळावं तसं.

ओरडावं तर सातही जण एकदम पळतील, आणि त्या धक्क्यालाच ती जाईल. कंपनीत एक गोष्ट शिकवली होती, की धोका मोठा असेल तर आवाज लहान ठेवा. मी हजेरीचं रजिस्टर उघडलं आणि वर बघत सावकाश म्हणालो, "गॅलरीत जे उभे आहेत, त्यांची नावं मी हजर म्हणून लिहून घेतोय. पाटील, तीनशे पाच. हजर."

पाटील आत गेले.

"ठाकूर, तीनशे सहा. हजर."

ठाकूर गेले. एकेक नाव, एकेक माणूस. नाव घेतलं की तो मागे सरायचा. सातवं नाव घेईपर्यंत माझा शर्ट पाठीला चिकटला होता. घरत आत गेले आणि मी मटकन खुर्चीत बसलो.

पण सुटका कुठली! जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. सात जण खाली, त्यांच्यामागे इतर गॅलऱ्यांतले, चाचींच्या सुनेला हाताशी धरून पाटलीणबाई. सगळे माझ्या अंगावर.

"माझा नाव काढा! मी हजर नाय!"

"मी घरात होतो, साळवी! खोटी हजेरी लावता काय?"

घरत तर रजिस्टरच ओढायला लागले. "आम्ही आलोच नाय सभेला! कोन म्हनतो आलो?"

म्हात्रे सर उठून उभे राहिले. बॉण्डवर घाबरत सही केलेला तोच हात त्यांनी वर केला, आणि वर्गात मुलं मोजावीत तसे एकेकावर बोट ठेवत मोजायला लागले. चौदा, पंधरा, सोळा, सतरा.

"दहा अठ्ठावीस," घड्याळ बघून सर म्हणाले. "कोरम झाला."

कुणीतरी तोंड उघडलं, तेवढ्यात मागे आवाज झाला. आम्ही वळलो. चुन्याच्या रेघेच्या आत, चाचींच्या गॅलरीच्या कठड्याचा घरत रेलले होते तेवढाच तुकडा पडला होता. धूळ हळूहळू खाली बसली.

मग घरतांनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं, खुर्चीवर ठेवलं, आणि आपल्या नावासमोर बोट ठेवून विचारलं,

"बॉलपेन हाय का कोनाकडं?"